फोनवर आलेली मदत

मोगादिशूत चहासुद्धा फोनवरून विकत घेतात. चहावाली आपला नंबर पुठ्ठ्यावर नाहीतर पत्र्यावर रंगवून लावते. गिऱ्हाईक बटणांचा साधा फोन काढतं, स्टार ७१२ स्टार, मग तिचा नंबर, मग रक्कम, शेवटी हॅश, आणि वर चार आकडी पिन. दोघांच्या फोनवर एकेक मेसेज येतो की झालं. इंटरनेट लागत नाही, स्मार्टफोन लागत नाही, बँकेचं खातंही लागत नाही. आपल्याकडची *९९# ही सेवा याच तंत्रावर चालते, पण आपल्या ओळखीत ती वापरणारं माणूस शोधावं लागेल. सोमालियात मात्र रोजचा बाजार या स्टार-हॅशवर उभा आहे, आणि तोही डॉलर-सेंटांत. जागतिक बँकेच्या २०१७ च्या पाहणीनुसार सोळा वर्षांवरच्या दर १०० सोमालींपैकी ७३ जण मोबाइल मनी वापरत होते. महिन्याला सुमारे साडेपंधरा कोटी व्यवहार आणि २७० कोटी डॉलरची उलाढाल. हा देश जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक आहे, हे लक्षात ठेवून हे आकडे वाचावेत.

मी मूळची परांडा तालुक्यातली. गेली काही वर्षं नैरोबीत राहून एका मदत संस्थेसाठी सोमालियातलं काम बघते. दुष्काळात किंवा लढाईत घर सोडून आलेल्या कुटुंबांना आम्ही फोनवर पैसे पाठवतो. पाठवण्याचं काम दुसऱ्या लोकांचं. पैसे गेल्यानंतर त्या कुटुंबांना फोन करून विचारायचं, मिळाले का, किती मिळाले, कशावर खर्च झाले, त्यातले कोणी मागितले का, हे काम माझ्या गटाचं. फोन करणाऱ्या मुली सोमाली आहेत, प्रश्नावली मी बनवते आणि आलेली उत्तरं त्यांच्यासोबत बसून वाचते. या लेखात जे सांगणार आहे ते त्या उत्तरांतून शिकलेलं आहे.

बँक नसलेल्या देशात हे इतकं कसं रुजलं, असा प्रश्न मला प्रत्येक सुट्टीत गावी कोणी ना कोणी विचारतं. त्याचं उत्तर, बँक नव्हती म्हणूनच. १९९१ च्या जानेवारीत सियाद बर्रेची राजवट कोसळली आणि तिच्याबरोबर मध्यवर्ती बँकही गेली. त्यानंतर अधिकृत शिलिंगची नवी नोट छापली गेली नाही. ज्याच्या हाती छापखाना त्याने नोटा छापल्या. पुढे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने अंदाज केला तेव्हा चलनातल्या १०० पैकी ९८ नोटा खोट्या निघाल्या. एका डॉलरला वीस-पंचवीस हजार शिलिंग, आणि हाताशी हजाराची नोट, म्हणजे किराणा आणायला पैशांची पिशवी न्यावी लागायची.

या पडझडीत टिकली ती हवाला दुकानं. परदेशात गेलेले सोमाली लंडन, मिनियापोलिस, दुबईहून घरी पैसे धाडत, आणि ते कुळाच्या, नात्याच्या ओळखीवर गावातल्या दुकानात पोचत. आपल्याकडे हवाला म्हटलं की काळा पैसा डोळ्यांसमोर येतो. तिथे लाखो घरांची चूल त्यावर पेटली. दुसरीकडे सरकारच नसल्यामुळे व्यापाऱ्यांनी स्वतःच टेलिफोन कंपन्या काढल्या. उत्तरेत सोमालीलँडमध्ये टेलेसोम कंपनीने २००९ साली 'झाद' ही सेवा सुरू केली, आणि पैसे पाठवायला शुल्क ठेवलं नाही. दक्षिणेत होर्मूदची 'ईव्हीसी प्लस' २०११ साली आली. मधल्या काळात, २०१० साली, अल-शबाब या सशस्त्र गटाने फोनवरून पैसे पाठवायला बंदी घातली होती. ती बंदी टिकली नाही, कारण बाजारालाच ती नको होती.

हे सगळं व्यापाऱ्यांनी बाजारासाठी उभं केलं. कोणत्याही मदत संस्थेने ते घडवलेलं नाही, आम्ही नंतर येऊन त्यावरून आमचे पैसे पाठवू लागलो. हे मुद्दाम सांगते, कारण परिषदांमधून हल्ली मोबाइल मनीची गोष्ट आमच्यासारख्यांनी शोधून काढल्यासारखी सांगितली जाते. आधी बाजार, मग मदत, असा तिथला क्रम आहे. तो उलटवून ज्या देशात फोनचे एजंट नाहीत, टॉवर नाहीत, दुकानदाराकडे रोकड नाही, तिथे कंत्राट देऊन मोबाइल मनी चालू करायला गेलं की ते चालत नाही.

आता मदतीकडे येते.

२०११ पूर्वी सोमालियाला मदत म्हणजे धान्य. जहाज बंदरात, तिथून ट्रक, ट्रकच्या वाटेवर नाके, प्रत्येक नाक्यावर बंदूकधारी. २०१० साली संयुक्त राष्ट्रांच्या तपास गटाने म्हटलं की अन्नमदतीतला निम्म्यापर्यंत भाग कंत्राटदार, स्थानिक हस्तक आणि सशस्त्र गटांकडे जातो. जागतिक अन्न कार्यक्रमाने तो आकडा मान्य केला नाही. पण त्या वर्षाच्या जानेवारीतच धमक्या आणि खंडणीमुळे त्याला दक्षिणेतलं बरंचसं काम थांबवावं लागलं होतं. त्यातच अमेरिकेने २००८ मध्ये अल-शबाबला दहशतवादी ठरवलेलं असल्यामुळे आपला पैसा चुकून तिकडे गेला तर खटला होईल, या भीतीने देणाऱ्यांनी हात आखडला. मग पाऊस गेला. २० जुलै २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांनी दक्षिण बाकूल आणि लोअर शबेल्ले भागात दुष्काळमृत्यूंची अधिकृत घोषणा केली. पुढच्या अभ्यासात एकूण बळी सुमारे २,५८,००० निघाले, त्यांतली निम्म्याहून जास्त पाच वर्षांखालची मुलं. घोषणा होईपर्यंत त्यांतली बरीच मुलं गेलेली होती.

त्या वर्षी धान्याचा रस्ता बंद असल्यामुळे काही संस्थांनी धाडस करून हवाला दुकानांमार्फत थेट पैसे वाटले. त्याआधी एवढ्या मोठ्या प्रमाणावर असं झालेलं नव्हतं. हवालावाल्याचा माणूस यादी आणि रोकड घेऊन गावात जायचा, नाव पुकारून अंगठा घ्यायचा. सुमारे पंधरा लाख लोकांपर्यंत ही मदत पोचली. पैसे आले की व्यापारी धान्य आणतील का, ही सगळ्यांची धास्ती होती. त्यांनी आणलं. ज्या नाक्यांवर संस्थेचा ट्रक अडत होता तिथून व्यापाऱ्याचा तांदूळ आत येत होता, कारण व्यापारी त्याच मुलखातला, त्याचं कूळ ओळखीचं, त्याचं देणंघेणं ठरलेलं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे ओळखीचं वाटायला हवं. १९७२ च्या दुष्काळात सरकारने कामं काढली आणि मजुरी दिली. मे १९७३ मध्ये जवळपास पन्नास लाख माणसं त्या कामांवर होती. हातात पैसा आला, म्हणून धान्य गावापर्यंत चालत आलं. माझी आजी तेव्हा खडी फोडायला जायची. ती सांगायची की काम मिळणं सरकारच्या हातात होतं, पण हजेरी पूर्ण लागणं मुकादमाच्या. मस्टरवर नाव चढवायचं, खाडा दाखवायचा की नाही हे ठरवायचं, सगळं त्याच्या मर्जीवर. त्याला खूश ठेवायला काय काय करावं लागायचं, हे ती सगळं सांगत नसे. या मुकादमाची आठवण ठेवा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

२०१७ साली पुन्हा पाऊस गेला. या वेळी फोन होते. संस्थांनी आधीच हालचाल केली आणि मोठ्या प्रमाणावर पैसे पाठवले गेले, त्यांतले पुष्कळसे फोनवरून. त्या वर्षी दुष्काळमृत्यूंची घोषणा करावी लागली नाही. याचं श्रेय एकट्या फोनला देणं चूक ठरेल. आधी मिळालेला इशारा, वेळेवर आलेला पैसा, परदेशातल्या सोमालींनी पाठवलेली रक्कम, सगळ्यांचा त्यात वाटा होता. २०२० मध्ये सोमाली सरकारने जागतिक बँकेच्या पैशांवर 'बहनानो' नावाची योजना सुरू केली: सुमारे दोन लाख गरीब कुटुंबांना महिन्याला २० डॉलर, आणि तेही मोबाइलवर. नागरिकाला सरकारकडून थेट पैसे मिळण्याची अशी व्यवस्था त्या देशात कितीतरी वर्षांनी झाली.

फोनवरून पैसे पाठवल्याने घरात नेमकं काय बदलतं, याचा मला माहीत असलेला सर्वांत नेटका अभ्यास सोमालियातला नाही, नायजरमधला आहे. २००९-१० च्या दुष्काळानंतर ताहुआ भागातल्या ९६ गावांत कन्सर्न वर्ल्डवाइड या संस्थेने बायकांना पाच महिने पैसे दिले, आणि जेनी एकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची तपासणी केली. गावांचे तीन गट पाडले. एकात रोख पाकीट. दुसऱ्यात रोख पाकीट, आणि वर एक फोन. तिसऱ्यात फोन आणि फोनवरच पैसे. दुसरा गट ठेवण्यातली हुशारी अशी की नुसत्या फोनमुळे काय होतं आणि फोनवर पैसे आल्यामुळे काय होतं, हे वेगळं काढता यावं. रक्कम सगळ्यांना सारखीच. तरीही फोनवर पैसे मिळालेल्या घरांत जेवणातले पदार्थ ९ ते १६ टक्क्यांनी वाढले, आणि मुलं दिवसाला एका जेवणाचा तिसरा हिस्सा जास्त खाऊ लागली. संशोधकांनी याची दोन कारणं दिली. रांगेत आणि पायपिटीत जाणारा वेळ वाचला. आणि पैसे गावासमोर हातात न पडता फोनवर गुपचूप आल्यामुळे घरात बाईचा शब्द थोडा वजनदार झाला. मेसेज आला हे नवऱ्याला कधी सांगायचं, ते तिने ठरवायचं.

फोनचा आणखी एक फायदा सिएरा लिओनमध्ये दिसला. तिथे इबोलाच्या साथीत दफन करणाऱ्यांचे, रुग्णालयात राबणाऱ्यांचे भत्ते थकले. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये केनेमात दफन पथकाने चिडून प्रेतं रस्त्यावर टाकली होती. भत्ते फोनवर देऊ लागल्यावर महिन्याहून जास्त लागणारं काम आठवड्यावर आलं आणि संप थांबले. पैसा वेळेवर मिळणं म्हणजे काय, हे समजायला यापेक्षा वेगळं उदाहरण लागत नाही.

पण सोमालियातलं काम बघताना मला जास्त काळजी वाटते ती मेसेज आल्यानंतरची.

बैदोआ हे बे प्रांताचं मुख्य शहर, मोगादिशूपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर. १९९२ च्या दुष्काळात जगभरच्या टीव्हीवर दिसलेलं, आणि १९९३-९४ मध्ये भारतीय लष्कराच्या ब्रिगेडचा तळ असलेलं. म्हाताऱ्या माणसांना ते जवान अजून आठवतात. मी भारतातली म्हटल्यावर काहींचा चेहरा खुलतो. आज शहराभोवती विस्थापितांच्या शेकडो छावण्या आहेत. वाकवलेल्या फांद्यांवर कापड, प्लॅस्टिक, जुनी पोती टाकून केलेल्या गोल झोपड्या, त्यांना 'बूल' म्हणतात. आत शिरताना वाकावं लागतं. दर काही झोपड्यांमागे सौर पत्र्यावर फोन चार्ज करून देणारा पोरगा असतो, आणि एक दुकान: तांदूळ, पास्ता, साखर, तेल, पावडरीचं दूध. उधारीची वही दुकानदाराकडे.

पैसे आले की बाई पहिल्यांदा त्या दुकानात जाते. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नाही. मेसेज सोमालीत, रोमन लिपीत येतो. दुकानदार तो वाचून दाखवतो. मग ती फोन त्याच्या हातात देते आणि पिन सांगते. तो उधारी वळती करून घेतो, उरलेलं सामान देतो. तो लबाड असतोच असं नाही. पैसे नसताना महिना महिना त्यानेच त्या घराला जगवलेलं असतं, आणि त्याने माल भरला नसता तर आमचे पैसे खाता आले नसते. तरी चार आकड्यांच्या त्या पिनवर सुरक्षिततेचं सगळं गणित उभं आहे असं आम्ही अहवालांत लिहितो, आणि तो पिन निम्म्या छावणीला पाठ असतो.

यादीतही गोंधळ आहे. सोमाली नावात आडनाव नसतं: स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं अशी तीन नावं, आणि तीच ती नावं पुन्हा पुन्हा. त्यात स्पेलिंग लिहिणाऱ्यागणिक बदलतं. राष्ट्रीय ओळखपत्र २०२३ च्या सप्टेंबरपर्यंत नव्हतंच. संस्था यादी करते, नंबर लिहून घेते, कंपनी तपासते, आणि कळतं की सिम भाच्याच्या नावावर आहे, किंवा एकच नंबर चार बायकांनी दिलाय. कधी ही लबाडी असते, कधी चौघींत मिळून एकच फोन असतो. ऑफिसात बसून यातलं काय खरं ते सांगता येत नाही. जाऊन बघावं लागतं, आणि जायला रस्ता सुरक्षित असावा लागतो.

आता तो मुकादम. बैदोआत, मोगादिशूत छावणी बहुधा कोणाच्या तरी खासगी जमिनीवर असते. जमीन मिळवून देणारा, लोकांना वसवणारा, पाण्याचा टँकर बोलावणारा, आणि संस्था आली की 'माझ्याकडे इतकी कुटुंबं आहेत' म्हणून सांगणारा एक म्होरक्या असतो. कधी पुरुष, कधी बाई. त्याचा हिस्सा ठरलेला. २०२३ साली संयुक्त राष्ट्रांच्याच अंतर्गत चौकशीत आढळलं की जमीनमालक, स्थानिक अधिकारी, सुरक्षा दलातली माणसं आणि मदत संस्थांतलेही काही लोक विस्थापितांकडून रोख मदतीचा निम्म्यापर्यंत भाग काढून घेतात. नाही दिला तर जागेतून हुसकावणं, अटक, किंवा यादीतून नाव काढणं. ही बातमी फुटल्यावर युरोपीय संघाने सोमालियातल्या अन्न कार्यक्रमाचा पैसा तात्पुरता थांबवला.

म्हणजे २०११ पूर्वी नाक्यावर होणारी लूट फोनने थांबवली, आणि ती झोपडीच्या दारात येऊन बसली. कंपनीच्या नोंदीत मात्र सगळं स्वच्छ दिसतं: रक्कम गेली, पोचली, बाईने काढली. देणाऱ्या देशांच्या राजधान्यांत त्या नोंदी दाखवून समाधान व्यक्त होतं, त्याचा मला राग येतो. नोंद खरी असते, पण तिला पुढचं काही दिसत नाही.

म्होरक्याला नुसता खलनायक ठरवूनही भागत नाही. लढाईतून चालत आलेल्या कुटुंबाला पहिल्या रात्री जागा कोणी दिली? सरकारने नाही, आम्हीही नाही. बैदोआत येणारे पुष्कळ लोक शेतकरी जमातींतले किंवा सोमाली बांतू, ज्यांच्या मागे बंदुकीचं बळ असलेलं कूळ नाही. २०११ मध्ये सर्वांत जास्त मेले तेही याच लोकांतले. त्यांना कोणाच्या तरी सावलीत राहावंच लागतं, आणि सावलीचं भाडं असतं. म्हणूनच आमच्या फोनवर उत्तरं अशी येतात. एका बाईशी झालेलं बोलणं मी माझ्या वहीत उतरवून घेतलं आहे. आमच्या मुलीने विचारलं, "होयो," म्हणजे आई, "पैसे मिळाले का?" मिळाले. किती? तिने बरोबर आकडा सांगितला. कोणी त्यातले मागितले का? नाही. मग तुमच्याकडे राहिले किती? तिने जो आकडा सांगितला तो पहिल्यापेक्षा बराच कमी होता. बाकीचे कुठे गेले? "ते पाण्याचे. आणि जागेचे. ते कोणी मागत नाही, ते द्यायचेच असतात."

'कोणी मागितले का' हा प्रश्न आम्ही तेव्हापासून बदलला. आता त्याऐवजी आम्ही किती आले आणि किती उरले एवढंच विचारतो, आणि फरक आपोआप कळतो. त्याआधी एक प्रश्न असतो: आत्ता तुमच्याजवळ कोणी बसलंय का? 'हो' आलं तर तब्येत, पाऊसपाणी बोलून फोन ठेवायचा आणि दुसऱ्या वेळी करायचा. आणखी एक गोष्ट आहे, जी नैरोबीतल्या ऑफिसात कोणाला सहज सुचत नाही. बैदोआत लोक 'माय' नावाची भाषा बोलतात, आणि ती मोगादिशूच्या सोमालीहून इतकी वेगळी आहे की शहरी मुलीने फोन केला तर म्हातारी बाई नुसतं हो-हो म्हणते. अशी हो-हो भरून आलेली पाहणी कागदावर फार छान दिसते.

यावर तंत्रज्ञानाचा उपाय म्हणून टोगोचं उदाहरण सांगितलं जातं. तिथे एप्रिल २०२० मध्ये 'नोव्हिस्सी' योजना आली. स्टार ८५५ हॅश लावून नाव नोंदवायचं, पात्र असाल तर पैसे लगेच फोनवर. पुढे ग्रामीण भागातले गरीब निवडण्यासाठी उपग्रहाची छायाचित्रं आणि फोन वापराच्या नोंदी संगणकाला दिल्या, आणि हाती असलेल्या दुसऱ्या साधनांपेक्षा ती निवड बरी ठरली. मधला माणूसच काढून टाकला तर मुकादमी राहणार नाही, हा विचार मोहात पाडतो. टोगोत घाईच्या वेळी ते योग्यच झालं असं मला वाटतं. पण सगळ्यांत गरीब असते ती फोन नसलेली बाई, आणि ती त्या नोंदींत कुठेच नसते. शिवाय संगणकाने नाव का वगळलं, हे कोणाला जाऊन विचारायचं? म्होरक्याशी निदान भांडता येतं.

रकमेचाही प्रश्न आहे. २०२२ साली सोमालियाचा ९० टक्क्यांहून जास्त गहू रशिया आणि युक्रेनमधून येत होता. युद्ध सुरू झालं, भाव चढले, आणि फोनवर येणारे डॉलर तेवढेच राहिले. त्यातच ओळीने पाऊस फसले. त्या वर्षी दुष्काळमृत्यूंची अधिकृत घोषणा टळली, पण नंतरच्या अंदाजाप्रमाणे ४३,००० माणसं जास्तीची मेली, त्यांतली निम्मी लहान मुलं. मेसेज वेळेवर येत होते. त्यातून पोतं भरत नव्हतं.

आणि हे पैसे ठेवलेत कुठे? बरीच वर्षं फोनमधली शिल्लक म्हणजे फक्त कंपनीचा शब्द होता. मध्यवर्ती बँकेने मोबाइल मनीचा पहिला परवाना दिला तो २०२१ मध्ये, होर्मूदला. लोकांचा त्या शब्दावर विश्वास होता आणि तो आजवर टिकला. तरी गरिबांची एवढी पुंजी मोजक्या कंपन्यांच्या हाती असणं मला स्वस्थ बसू देत नाही.

इतकं सगळं पाहूनही मला धान्याच्या ट्रककडे परत जायचं नाही. फोनवर आलेल्या पैशांतून बाई औषध घेऊ शकते, शेळी घेऊ शकते, गावी राहिलेल्या आईला पाच डॉलर पाठवू शकते, आणि पाठवतेही. गव्हाच्या पोत्याने यातलं काही होत नाही. लुटीचं म्हणाल, तर ट्रकवाल्या काळात किती गेलं हे विचारायला माणूसच सापडत नव्हता. आता यादीतल्या प्रत्येक बाईचा नंबर आहे. जो नंबर पैसे पाठवायला चालतो, तोच प्रश्न विचारायला चालतो.

पण २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि सगळ्यांच्याच अंदाजपत्रकांना कात्री लागली. अशा वेळी पहिल्यांदा जातो तो विचारपूस करणाऱ्या माणसांचा खर्च, कारण त्यांच्यामुळे कोणाच्या पोटात थेट घास जात नाही. माझं म्हणणं आहे की तो शेवटी जावा. यादी करणारे वेगळे आणि फोन करणारे वेगळे असावेत. फोन करणारी माय बोलणारी असावी. तक्रारीचा नंबर फुकट असावा, आणि तो उचलणारी व्यक्ती त्या छावणीशी संबंध नसलेली. प्रत्येक कुटुंबाला किती डॉलर पाठवलेत, हे वाटपाच्या आदल्या दिवशी स्थानिक रेडिओवर सांगितलं जावं. काही छावण्यांसाठी आम्ही हे करून पाहिलं. म्होरक्याने हिस्सा घेतलाच. पण संस्थेनेच एवढे कमी पाठवले, असं त्याला सांगता आलं नाही, आणि त्या महिन्यात तक्रारीच्या नंबरवर बायकांचे फोन आले.